कुंडी पडली, कुत्रा चावला, बाथरूम गळलं: दुसऱ्याचं नुकसान तुमचा होम इन्शुरन्स भरतो का?

समजा, तुम्ही बोरिवलीत सहाव्या मजल्यावर राहता. जूनचा पहिला जोराचा पाऊस येतो, वाऱ्याने छज्ज्यावरची कुंडी खाली जाते आणि पार्किंगमधल्या गाडीची पुढची काच फुटते. पाच मिनिटांत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो. त्याखाली कुणीतरी लिहितं, "तुमचा होम इन्शुरन्स आहे ना? मग टेन्शन कशाला, क्लेम टाका."

तुम्ही पॉलिसी उघडता. त्यात आग आहे, भूकंप आहे, पूर आहे, दंगल आहे, अगदी क्षेपणास्त्र चाचणीसुद्धा आहे. शेजाऱ्याच्या गाडीची काच मात्र कुठेच नाही.

काच फुटली तर प्रश्न काही हजारांचा आहे. तीच कुंडी खाली खेळणाऱ्या मुलाच्या डोक्यात पडली असती तर? हॉस्पिटलचं बिल, पोलिसांत तक्रार, नंतर नुकसानभरपाईचा दावा. हे सगळं कुणी भरायचं?

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीसारख्या दाटीच्या उपनगरांत तुमच्या घराच्या खाली, वर आणि शेजारी सतत कुणीतरी असतं. त्यामुळे हा प्रश्न वाटतो तितका दूरचा नाही. सोप्या भाषेत समजून घेऊ.

## गाडीला थर्ड पार्टी असतो, घराला का नसतो?

स्कूटर घेतली की थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा केला आहे. तुमच्या गाडीची कुणाला धडक बसली, तर त्याला किंवा त्याच्या कुटुंबाला मिळणारी भरपाई विमा कंपनी देते. असे दावे ऐकायला मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ही वेगळी यंत्रणा आहे.

घराच्या बाबतीत यातलं काहीच नाही. थर्ड पार्टी विम्याची सक्ती नाही आणि वेगळं न्यायाधिकरणही नाही. तुमच्या घरामुळे कुणाला इजा झाली, तर त्याला दिवाणी न्यायालयात जावं लागतं आणि तुमचा निष्काळजीपणा दाखवून द्यावा लागतो. मृत्यू झाला असेल, तर कुटुंबीय १८५५ च्या जीवघातक अपघात कायद्याखाली दावा करू शकतात. त्यासाठी मृत्यूच्या तारखेपासून २ वर्षांची मुदत असते.

वेळ आणि खर्च बघून अनेक जण या वाटेला जात नाहीत, प्रकरण सोसायटीच्या ऑफिसातच मिटतं. पण दावा लागला आणि निकाल विरोधात गेला, तर रक्कम थेट तुमच्या बचतीतून जाते.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून किंवा रील्समधून तुम्ही वेगळं ऐकलं असेल. ते खरं आहे. तिथल्या नेहमीच्या होमओनर्स पॉलिसीत 'पर्सनल लायबिलिटी' हा भाग आधीपासूनच असतो आणि त्याची मर्यादा बहुधा १ लाख डॉलरपासून सुरू होते. पाहुणा पायऱ्यांवरून घसरला किंवा कुत्रा पोस्टमनला चावला, तर क्लेम त्यातून जातो. आपल्याकडे हा भाग वेगळा मागून घ्यावा लागतो.

## तुमच्या पॉलिसीत नेमकं काय आहे?

विमा नियामक आयआरडीएआयने १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आणली. कंपनी कुठलीही असली तरी तिचा मूळ गाभा सारखाच असतो. त्यात ढोबळमानाने हे येतं:

- आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप
- वादळ, पूर, पाणी तुंबणं, दरड कोसळणं, जमीन खचणं
- बाहेरून काही आदळून झालेलं नुकसान, उदाहरणार्थ वाहन, झाड किंवा भिंत
- दंगल, संप, हेतुपुरस्सर केलेली नासधूस, दहशतवादी कृत्य
- पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, ओसंडून वाहणं
- यातली एखादी घटना घडल्यावर ७ दिवसांच्या आत झालेली चोरी

घराच्या बांधकामाचा विमा घेतला की घरातल्या सामान्य सामानालाही बांधकामाच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत संरक्षण आपोआप मिळतं. विमा रक्कम फ्लॅटच्या बाजारभावावर ठरत नाही, ती घर पुन्हा बांधायच्या खर्चावर ठरते. म्हणून अंधेरीतल्या दोन कोटींच्या फ्लॅटचा विमा दोन कोटींचा नसतो.

आता ही यादी पुन्हा वाचा. प्रत्येक मुद्दा तुमचं घर आणि तुमचं सामान याबद्दल आहे. शेजाऱ्याचं झाड तुमच्या घरावर पडलं तर तुमची पॉलिसी कामाला येते. तुमची कुंडी शेजाऱ्याच्या गाडीवर पडली तर येत नाही.

आणखी एक गोंधळ गृहकर्जाबरोबर मिळालेल्या विम्याचा. कर्ज घेताना बँकेने दिलेला विमा अनेकदा कर्जदाराच्या मृत्यूनंतर कर्ज फेडणारा असतो, किंवा फक्त इमारतीच्या आगीचा. "बँकेने काढून दिलाय ना" एवढ्यावर थांबू नका, कागद काढून बघा.

## मग हे संरक्षण मिळतं कुठे?

'पब्लिक लायबिलिटी' किंवा 'थर्ड पार्टी लायबिलिटी' या नावाने. म्हणजे तुमच्यामुळे तिसऱ्या व्यक्तीला इजा झाली किंवा तिच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर त्याची तुमच्यावर येणारी कायदेशीर जबाबदारी. सरकारी विमा कंपन्यांच्या जुन्या 'हाउसहोल्डर्स' पॅकेज पॉलिसीत आग, घरफोडी, दागिने, उपकरणं यांच्या जोडीला हे एक वेगळं कलम असायचं. आज काही कंपन्या भारत गृह रक्षासोबत ते ॲड-ऑन म्हणून देतात, काही स्वतःच्या पॅकेज पॉलिसीत देतात. वेगळा प्रीमियम भरून शेड्यूलमध्ये त्याचं नाव आणि रक्कम आलेली असेल तरच ते लागू होतं.

नावावरून एक गल्लत होते. १९९१ चा 'पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स ॲक्ट' हा धोकादायक रसायनं हाताळणाऱ्या उद्योगांसाठी आहे. त्याचा तुमच्या फ्लॅटशी संबंध नाही.

क्लेम कितीही विचित्र असला तरी कंपनी साधारण तीन गोष्टी तपासते.

पहिली, तो अपघात होता का? मुद्दाम केलेल्या कृत्याला कुठलीच पॉलिसी पैसे देत नाही. भांडणात खिडकीतून फेकलेली वस्तू हा अपघात नाही.

दुसरी, तुमच्यावर कायदेशीर जबाबदारी येते का? वाईट वाटलं म्हणून दिलेली मदत कंपनी भरत नाही. तुमची चूक किंवा कर्तव्यात कसूर असावी लागते.

तिसरी, नुकसान झालेली व्यक्ती खरंच 'तिसरी' आहे का? घरातले लोक, तुमच्याकडे कामाला असलेले लोक आणि तुमच्या ताब्यात दिलेल्या दुसऱ्याच्या वस्तू बहुतेक वेळा या कलमाच्या बाहेर असतात.

शेड्यूलमध्ये दोन आकडे बघा: एका अपघातासाठीची मर्यादा आणि संपूर्ण वर्षासाठीची मर्यादा. एका अपघाताची मर्यादा ५ लाख असेल आणि निकाल १२ लाखांचा लागला, तर उरलेले ७ लाख तुमचेच.

आता प्रत्यक्षातले प्रसंग बघू.

## प्रसंग १: वरून काहीतरी पडलं

कुंडी, एसीचं बाहेरचं युनिट, सरकत्या खिडकीची काच, डिश अँटेना. ही तुम्ही लावलेली किंवा ठेवलेली वस्तू आहे, त्यामुळे जबाबदारी सहसा तुमच्यावर येते. "वारा आला, मी काय करू?" हा बचाव मुंबईत टिकणं कठीण आहे. दर पावसाळ्यात वारा येतो हे इथे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कुंडी आत घेणं हीच अपेक्षा असते. घर भाड्याने दिलं असेल तर भाडेकरूने ठेवलेल्या वस्तूंची जबाबदारी आधी त्याच्याकडे जाते, घराच्या बांधकामाची मालकाकडे.

वस्तूऐवजी बाहेरच्या भिंतीचं प्लास्टर पडलं तर? आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या भिंती, गच्ची, कठडे, जिने यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते. म्हणजे तिथे बोट सोसायटीकडे वळतं.

जुन्या इमारतींसाठी सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९५१ साली दिल्लीच्या चांदनी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून तिघांचा मृत्यू झाला. मनोरा ८० वर्षांचा होता, त्यात वापरलेल्या मसाल्याचं आयुष्य मात्र ४० ते ४५ वर्षांचं. "दोष वरून दिसत नव्हता" हे म्हणणं न्यायालयाने १९६६ मध्ये फेटाळलं आणि मालक म्हणून महापालिकेला जबाबदार धरलं. रस्त्यालगतच्या बांधकामाची वेळोवेळी तपासणी करणं हे मालकाचं कर्तव्य, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट उपविधींमध्ये सांगितलेलं आहे, ते याच कारणाने महत्त्वाचं.

## प्रसंग २: कुत्र्यामुळे इजा झाली

दक्षिण मुंबईत नेपियन सी रोडवर २०१० मध्ये एका ज्येष्ठ नागरिकाला रॉटवायलर चावला. त्या प्रकरणात २०२३ मध्ये न्यायदंडाधिकारी न्यायालयाने कुत्र्याच्या मालकाला ३ महिन्यांची कैद सुनावली. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार पाळीव प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

इथे एक गोष्ट पक्की समजून घ्या. कैद किंवा सरकारी दंड कुठलाही विमा भरत नाही. विमा फार तर जखमी माणसाला द्यायची भरपाई देतो.

आणि चावणं हा एकच धोका नाही. ६ ऑगस्ट २०२४ रोजी मुंब्र्याच्या अमृत नगरमध्ये इमारतीच्या पाचव्या मजल्यावरून एक कुत्रा खाली पडला. तो रस्त्यावरून चाललेल्या तीन वर्षांच्या मुलीच्या अंगावर आदळला आणि तिचा मृत्यू झाला. आदल्या दिवशी कुणी असा प्रसंग सांगितला असता तर हसण्यावारी गेला असता.

काही होम पॉलिसींच्या लायबिलिटी कलमात प्राण्यांमुळे झालेली इजा वगळलेली असते. कुत्र्यांसाठीच्या स्वतंत्र विम्यात मात्र थर्ड पार्टी लायबिलिटीचा भाग मिळू शकतो. महापालिकेचा श्वान परवाना आणि लसीकरणाचे कागद नीट ठेवा, क्लेमच्या वेळी तेच आधी मागितले जातात.

## प्रसंग ३: तुमच्या बाथरूमचं पाणी खालच्या काकांच्या छतात

उपनगरांतलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात चिवट भांडण. उपविधींचा ढोबळ नियम असा: टॉयलेट, सिंक वगैरेंमुळे होणारी घरातली गळती सदस्याने स्वतःच्या खर्चाने थांबवायची. गच्ची, बाहेरची भिंत, सामायिक पाइप यांमुळे होणारी गळती सोसायटीने.

विम्याच्या दृष्टीने खरा फरक 'अचानक' आणि 'हळूहळू' यांत आहे. फ्लश टँकचा पाइप रात्रीत फुटला आणि खालच्यांचं फॉल्स सीलिंग कोसळलं, तर तो अपघात. टाइल्सच्या फटींतून दोन वर्षं पाणी झिरपत होतं आणि खालून चार पत्रं आली होती, तर तो देखभालीतला हलगर्जीपणा. तो क्लेम नाकारला जाण्याचीच शक्यता जास्त.

खालच्या काकांकडे स्वतःची भारत गृह रक्षा पॉलिसी असेल तर फुटलेल्या पाइपमुळे झालेलं नुकसान त्यांची कंपनी त्यांना देऊ शकते. पण विषय तिथे संपत नाही. पैसे दिल्यावर त्यांच्या जागी उभं राहून ती रक्कम तुमच्याकडून वसूल करण्याचा हक्क कंपनीला मिळतो. याला सब्रोगेशन म्हणतात. सुरुवातीच्या गाडीच्या काचेचंही तसंच. गाडीचा सर्वसमावेशक विमा काचेचे पैसे देईल, मालकाचा नो क्लेम बोनस जाईल आणि त्या कंपनीची नोटीस तुमच्या दारात येऊ शकते.

## प्रसंग ४: रिनोव्हेशन

२५ जुलै २०१७. घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली साई दर्शन ही चार मजली इमारत सकाळी कोसळली. १७ जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावरच्या जागेत नूतनीकरण चालू होतं आणि त्यात इमारतीच्या आधाराला धक्का लावल्याचा आरोप झाला. त्या जागेशी संबंधित व्यक्तीला पोलिसांनी अटक केली.

एका घरातल्या कामाने बाकीच्या घरांचं काय होऊ शकतं, याचं हे उपनगरांतलं एक मोठं उदाहरण आहे. आणि विम्याची मर्यादाही इथेच सगळ्यात स्पष्ट दिसते. भारत गृह रक्षामध्ये जमीन खचण्याचं कलम आहे, पण बांधकामातले फेरफार, दुरुस्ती किंवा पाडकाम यांमुळे झालेलं खचणं त्यात वगळलेलं आहे. 'इमारत कोसळली' हा स्वतंत्र मुद्दा यादीत नाही. म्हणजे ज्यांनी काहीच चूक केलेली नाही अशा वरच्या मजल्यावरच्या कुटुंबालाही क्लेम मिळवताना झगडावं लागू शकतं. ज्याने परवानगीशिवाय खांबाला हात लावला, त्याने लायबिलिटी कव्हर घेतलेलं असलं तरी ते त्याच्या मागे उभं राहील अशी अपेक्षा धरू नये.

म्हणून वरच्या किंवा खालच्या घरात ड्रिलिंग सुरू झालं की "सोसायटीची एनओसी आहे का, भिंत कुठली पाडताय?" हे विचारणं चोंबडेपणा नाही. इमारत पाडताना, दुरुस्त करताना किंवा बांधताना केलेला निष्काळजीपणा हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९० खाली गुन्हा आहे.

शेजारच्या प्लॉटवर रिडेव्हलपमेंट चालू असेल तर जबाबदारी विकासक आणि ठेकेदाराची. मार्च २०२३ मध्ये जोगेश्वरी पूर्वेला बांधकाम चालू असलेल्या इमारतीवरून लोखंडी पाइप रिक्षावर पडून आई आणि मुलीचा मृत्यू झाला होता. अशा कामांसाठी 'कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क' पॉलिसी असते आणि तिच्यात थर्ड पार्टीचा भाग असतो. तुमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला जात असेल तर करारात ही पॉलिसी आणि तिची रक्कम लिहून घ्या.

## प्रसंग ५: सोसायटीच्या आवारातलं झाड

जुलै २०१७ मध्ये चेंबूरला रस्त्याने चाललेल्या एका महिलेच्या अंगावर नारळाचं झाड कोसळलं. दूरदर्शनच्या त्या माजी निवेदिका होत्या. त्यांचा मृत्यू झाला. झाड धोकादायक असल्याची तक्रार रहिवाशांनी आधीच केली होती आणि ते तोडायची परवानगी मिळाली नव्हती, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं.

झाडांच्या बाबतीत कायदा अवघड आहे. खासगी आवारातलं झाडही १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. आणि इमारतीला लावलेली कसोटी न्यायालय झाडाला जशीच्या तशी लावत नाही. राजकोटमध्ये रस्त्यावरचं झाड पडून एका पादचाऱ्याचा मृत्यू झाला होता. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये महापालिकेला जबाबदार धरायला नकार दिला.

अशा वेळी तुमचा खरा बचाव कागदावर असतो. पावसाळ्यापूर्वी छाटणीसाठी केलेला अर्ज, त्याची पोच, पालिकेचं उत्तर, फोटो. पॉलिसी असो वा नसो, "आम्ही आमचं कर्तव्य केलं होतं" हे दाखवायला दुसरं काही नसतं.

## प्रसंग ६: लिफ्ट, कामगार आणि गच्चीवरचं होर्डिंग

लिफ्टसाठी २०१७ च्या महाराष्ट्राच्या लिफ्ट कायद्यात थर्ड पार्टी विम्याची तरतूद आहे. तुमच्या सोसायटीने तो काढलाय का आणि नूतनीकरण केलंय का, हे कमिटीला विचारा.

घरकाम करणाऱ्या ताई तुमच्याकडे काम करताना पडल्या, तर पब्लिक लायबिलिटीचं कलम सहसा लागू होत नाही, कारण त्या तुमच्याकडे कामाला असतात. पॅकेज पॉलिसीत घरकामगारांसाठी वेगळं कलम असतं, ते घ्यावं लागतं. एसी दुरुस्तीला कंपनीचा माणूस आला तर त्याची कंपनी असते. पण नाक्यावरून आणलेला रंगारी तुमच्या छज्ज्यावरून पडला, तर मध्ये कुठलाच ठेकेदार नसतो आणि सगळ्यांचं बोट तुमच्याकडे येतं. सेफ्टी बेल्टशिवाय कुणालाही खिडकीबाहेर उतरू देऊ नका.

होर्डिंगचं काय होऊ शकतं हे घाटकोपरने १३ मे २०२४ रोजी पाहिलं. छेडानगरजवळ पेट्रोल पंपावर अवाढव्य होर्डिंग कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. तुमच्या गच्चीवर होर्डिंग किंवा मोबाइल टॉवर असेल तर त्याच्या भाड्याचा हिशेब बघताना त्या एजन्सीच्या थर्ड पार्टी विम्याची प्रतही मागा.

## सगळ्यात मोठी चूक: "मी भरून देतो"

अपघात झाला की आपण चांगुलपणाने म्हणतो, "चूक माझीच, काळजी करू नका, सगळं भरून देतो." शेजारधर्म म्हणून ते बरोबर आहे. पण लायबिलिटी पॉलिसीत बहुधा एक अट असते: कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही, रक्कम ठरवायची नाही, तडजोड करायची नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवरचा तुमचा तो एक मेसेज उद्या क्लेम नाकारायचं कारण होऊ शकतो.

मग करायचं काय?

- आधी माणूस. जखमीला हॉस्पिटलमध्ये न्या. मदत करणं म्हणजे कायदेशीर जबाबदारी कबूल करणं नव्हे.
- जागेचे फोटो, व्हिडिओ काढा. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग पुसलं जाण्याआधी सेक्रेटरीकडे लेखी मागा.
- लायबिलिटी कव्हर असेल तर त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा.
- समोरच्याला एवढंच सांगा: "माझा विमा आहे, कंपनीला कळवलंय, त्यांच्याशी बोलून सांगतो."
- वकिलाची नोटीस किंवा समन्स आलं तर स्वतः उत्तर देण्याआधी त्याची प्रत कंपनीला पाठवा.

## पॉलिसी घेताना विचारायचे प्रश्न

एजंटला फोनवर विचारू नका, ईमेलवर विचारा. उत्तर लेखी हवं.

१. पब्लिक लायबिलिटी आहे का? एका अपघाताची आणि वर्षाची मर्यादा किती?
२. वकील आणि कोर्टाचा खर्च त्या मर्यादेच्या आत की वेगळा?
३. पाळीव प्राण्यांमुळे झालेली इजा धरली आहे का?
४. घरकामगारांचं वेगळं कलम आहे का?
५. घरातून क्लास, टिफिन, बेकरी किंवा पार्लर चालत असेल तर काय? बहुतेक घरगुती पॉलिसी व्यवसायामुळे आलेली जबाबदारी वगळतात.
६. रिनोव्हेशन चालू असताना पॉलिसी लागू राहते का, की आधी कळवावं लागतं?
७. घर भाड्याने दिलं असेल तर मालकाला संरक्षण मिळतं का?

वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून हटवला आहे. घराच्या विम्यावर मात्र तो १८ टक्केच आहे, त्यामुळे प्रीमियमची तुलना करताना जीएसटी धरूनच करा.

## क्लेम नाकारला तर?

नकार लेखी मागा आणि पॉलिसीच्या कुठल्या कलमाखाली नाकारला हे विचारा. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. एका महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. ती मोफत असते आणि वकील लागत नाही. ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात. कंपनीच्या अंतिम उत्तरानंतर एक वर्षाच्या आत तिथे जावं लागतं. मुंबईचं कार्यालय सांताक्रुझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर, जीवन सेवा ॲनेक्स इमारतीत आहे, म्हणजे उपनगरकरांना लोकलने जाण्यासारखं. आयआरडीएआयच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. ग्राहक आयोगाचा मार्ग तर आहेच.

## एक प्रश्न सोसायटीलाही विचारा

आदर्श उपविधींनुसार सोसायटीने इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा काढणं बंधनकारक आहे. त्यात पब्लिक लायबिलिटी आपोआप येत नाही. भिंत, झाड, लिफ्ट, गच्ची यांपैकी कशामुळेही कुणाला इजा झाली तर भरपाई सोसायटीच्या निधीतून जाते, आणि तो निधी तुमच्याच मेंटेनन्सचा असतो.

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी. पार्किंग आणि पाण्याच्या वेळा यांवर दोन तास वाद होतीलच. त्याआधी एक प्रश्न विचारून घ्या: "आपल्या इमारतीमुळे रस्त्यावरच्या माणसाला काही झालं, तर पैसे कोण देणार?" कमिटीकडे उत्तर नसेल तर तो विषय त्याच सभेच्या इतिवृत्तात नोंदवायला सांगा.

आणि घरी गेल्यावर छज्ज्यावरची कुंडी आत घ्या. तेवढ्याला प्रीमियम लागत नाही.